पंगत उठल्यावर

कीर्तन संपल्यावर गावात काय घडते ते कीर्तनकाराला फारसे दिसत नाही. त्याच्यासाठी वेगळा पाट मांडलेला असतो, वाढायला गावातले जाणते माणूस उभे असते, आणि हात धुवून होत नाही तोच पुढच्या गावची गाडी दारात येते. चौवेचाळीस वर्षे मी असाच पुढच्या गावाला निघून जात होतो. अन्नाला ब्रह्म म्हणावे, कणाकणाचा मान राखावा, असे मी किती मंडपांत सांगितले असेल याचा हिशेब नाही. पण पंगत उठल्यावर मागे काय उरते हे मी पाहिले ते वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तेही पोरांनी दाखवले म्हणून. ते मायबाप वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

आमचे गाव पूर्णेच्या काठी, अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ. सारा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागले तरी ते तोंडात धरवत नाही. आवाज बसला तसा मी सहा वर्षांपूर्वी फड सोडला आणि कायमचा गावी आलो. 2024 च्या माघातला आमचा सप्ताह मी प्रथमच श्रोता म्हणून मांडीखाली सतरंजी घेऊन ऐकला. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि दोन्ही वेळ महाप्रसाद. समाप्ती श्रीगजानन महाराजांच्या प्रकटदिनाला.

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठली, आणि मंडपामागे मला दहा-बारा मुले दिसली. आठवी-नववीची. दोघे पत्रावळ्या उचलत होते, दोन मुली त्यांतले अन्न घमेल्यात निपटून काढत होत्या, आणि एक मुलगा शाळेच्या भिंतीवर खडूने लिहीत होता, "आज दुपार : पाच घमेली". त्यांचे गुरुजी बाजूला उभे होते.

मला राग आला. खरे ते सांगतो. अन्नदानाच्या दारात असा हिशेब मांडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी गुरुजींना हाक मारून म्हणालो, "सर, देवाच्या पंगतीत मोजमाप नसते. दान मोजले की त्याचे पुण्य जाते. पोरांना हे शिकवता?"

गुरुजी काही बोलण्याआधीच त्या दोन मुलींतली एक उभी राहिली. हात कोपरापर्यंत वरणाने भरलेले. खाली मान घालून पण स्पष्ट बोलली, "महाराज, आम्ही वाढेल नाई मोजत. टाकेल मोजतो."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. चौवेचाळीस वर्षे प्रश्न विचारणारा मी होतो आणि मान डोलवणारे समोर होते. मी तसाच घरी आलो.

संध्याकाळी ती मुलगी आपल्या आईबरोबर हरिपाठाला आली होती. मी तिला जवळ बोलावून विचारले, "बाई, हे तुला सुचले कसे?" ती आधी बोलेना. मग म्हणाली, "माह्या मायनं सप्त्याले पायलीभर तूर देल्ली. सरवा येचून आणेल होती. मले त्या घमेल्यात आमची तूर दिसली."

सरवा म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. मालकाने पीक काढून नेले की वावरात काही शेंगा, काही दाणे, काही बोंडे गळून राहतात. ती गोरगरीब बाया वाकून वाकून वेचतात. कोणी त्यांना अडवत नाही, ती चालच आहे. एका पायलीची तूर सरव्यातून जमवायची म्हणजे किती वेळा वाकावे लागत असेल! त्या माउलीने ती घरच्या मडक्यात ठेवली नाही, देवाला दिली. आणि आम्ही तिचे वरण पानात घेतले, दोन घास खाल्ले, हात धुतले आणि उठलो. त्या पंगतीत मीही होतो. माझ्या पानात काय राहिले होते, ते मला आठवेना. आठवेना, याचेच वाईट वाटले.

त्या रात्री झोप आली नाही. आळंदी आठवली.

1970 साली, एकोणीस वर्षांचा असताना, मी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत गेलो. ह. भ. प. जोग महाराजांनी 1917 साली ही संस्था काढली. तिथे शिकणाऱ्याने माधुकरी मागून जेवावे, अशी रीत. झोळी खांद्याला अडकवायची, ठरलेली घरे घ्यायची, येईल ते एकत्र करून इंद्रायणीकाठी बसून खायचे. मी गेलो आणि दोनच वर्षांत 1972 चा दुष्काळ आला. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो रेशनवर मिळे. तिची भाकर थापता थापता चिरायची. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळत असे. तशा दिवसांतही आळंदीच्या आयाबायांनी आमची झोळी रिकामी जाऊ दिली नाही. चतकोर दिली, पण दिली. तेव्हा झोळीच्या शिवणीत अडकलेला तुकडासुद्धा मी बोटाने काढून खाल्ला आहे. भाकरीचा तो मान मला कोणी शिकवला नव्हता. भुकेने शिकवला होता. पुढे पोट भरले, पाट मिळाला, ताटाभोवती रांगोळी आली, आणि झोळी विसरली. राहिले ते शब्द. शब्द चांगले होते, टाळ्याही मिळत. पण शब्दांनी पत्रावळ स्वच्छ होत नाही.

मग मला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर मी अंथरुणात उठून बसलो. प्रकटदिनाची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी. शेगावात देविदास पातूरकरांच्या घरी जेवणावळ झाली होती. उष्ट्या पत्रावळ्या बाहेर टाकल्या होत्या. बंकटलाल अग्रवाल तिथून जात होते, तर एक दिगंबर मूर्ती त्या पत्रावळ्यांवरची शिते वेचून खाताना त्यांना दिसली. ही कथा मी दरसाल सांगितली. महाराजांचे वैराग्य सांगितले, त्यांना जिभेचे चोचले कसे नव्हते ते सांगितले, बंकटलालांच्या दृष्टीचे भाग्य सांगितले. पण त्या पत्रावळ्यांवर शिते राहिली होती, ती कोणीतरी टाकली होती, आणि त्या सगळ्या जेवणावळीत वाकणारा तो एकच होता, हे मी एकदाही सांगितले नाही. वऱ्हाडातल्या एवढ्या मोठ्या संताचे पहिले दर्शन झाले ते टाकलेले अन्न वेचताना. ज्यांच्या प्रकटदिनासाठी आम्ही मंडप घातला होता, त्यांचेच काम मंडपामागे ही पोरे करत होती, आणि मी त्यांना रागावलो होतो.

सकाळी काकडा झाल्यावर मी शाळेत गेलो. मुलांना म्हणालो, "मी चुकलो. आता मला सांगा, काय करायचे?"

मुलांनी आधीच विचार केलेला होता. मला वाटले होते, लोकांना अक्कल नाही म्हणून अन्न वाया जाते. मुले म्हणाली, तसे नाही; वाढण्याच्या पद्धतीमुळे जाते. वाढपी घाईत असतो, एका दमात दोन पळ्या ओततो. लहान लेकराच्या पानातही मोठ्या माणसाएवढा भात पडतो. बुंदी आधी वाढतात, म्हणून शेवटचा भात राहतो. आणि आचाऱ्याला माणसे किती हे कोणी सांगतच नाही, म्हणून तो आपल्या अंदाजाने चढवतो. आणखी एक भेद त्यांनी मला दाखवला : उष्टे वेगळे आणि उरलेले वेगळे. पानात टाकलेले ते उष्टे, पातेल्यात राहिलेले ते उरलेले. आम्ही दोन्ही एकाच खड्ड्यात लोटत होतो. पातेल्यातले तर तासाभरात वीटभट्टीवरच्या मजुरांच्या लेकरांपर्यंत पोचू शकत होते. भट्टी गावापासून कोसभर नव्हती.

सप्ताह समितीतले एक वडीलधारे म्हणाले, "गुरं खातात न बापा, वाया कुठं जाते?" त्यांचेही चुकले नाही. आमच्या लहानपणी पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या असत. उष्टे गुरांना, पाने उकिरड्यात, पुढच्या साली खत वावरात. आता पत्रावळीला प्लास्टिकचा मुलामा असतो. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, पण ही चकचकीत ताटे अजून येतात, आणि वरणाच्या वासाने गाय ते ताटच चघळते. ज्या श्रीगाडगे महाराजांनी गोरक्षणे उभारली, त्यांच्याच मुलखात आपण सप्ताह करून गायीच्या पोटात प्लास्टिक घालायचे का, असे मी त्यांना विचारले. ते गप्प झाले.

त्या दिवशीपासून वाढायला मुले उभी राहिली. अर्धी पळी वाढायची, आणि "पुन्हा येतो, मागून घ्या," असे म्हणायचे. मीही पंगतीच्या श्लोकाआधी दोन शब्द बोललो. आवाज उठत नव्हता, पण शेगावची कथा सांगितली, आणि या वेळी शितांची बाजू सांगितली. सगळे सुरळीत झाले असे नाही. एक म्हातारबुवा रागावले, "आमाले भिकारी समजता का रे? अर्धी पळी वाढता!" वाढणारा पोरगा हसून म्हणाला, "आबाजी, दहा खेपा येतो. तुमी फक्त पानात ठेवू नका." म्हातारबुवा चार वेळा वरण मागून जेवले आणि पान पुसून उठले. काल्याच्या दिवशी भिंतीवर खडूने लिहिले होते, "एक घमेले". तेवढे उष्टे मुलांनी शाळेमागच्या खड्ड्यात वाळक्या पाल्याबरोबर थरावर थर देऊन पुरले.

पोरांनी थोरांना शिकवावे का, असा प्रश्न एका वारकरी बंधूने मला केला. मी म्हणालो, आपल्या संप्रदायाने तरी हे विचारू नये. माउलींनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा त्यांचे वय या शाळेतल्या मुलांएवढे होते. योगाच्या बळावर शेकडो वर्षे जगल्याची ज्यांची ख्याती, त्या चांगदेवांना गुरू लाभली ती मुक्ताबाई, त्यांच्यापुढे अगदी लेकरू. आणि आमच्या वऱ्हाडातलेच सांगायचे, तर डेबू झिंगराजी जानोरकर. शेंडगावचा जन्म, वडील लहानपणीच गेले, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखीत, वावरात राबत हा मुलगा वाढला. ऐन तारुण्यात पहिल्या मुलीच्या बारशाला त्याने जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न करता गोड जेवण वाढले. भाऊबंद बिथरले. पंगतीत बदल करू पाहणाऱ्यावर गाव आधी बिथरतेच. पुढे त्याच डेबूजीला आपण गाडगे महाराज म्हणू लागलो. भुकेल्याला अन्न हा त्यांच्या उपदेशातला पहिला धडा, आणि त्यांचे स्वतःचे जेवण मात्र फुटक्या गाडग्यातले. त्यांची समाधी अमरावतीत आहे. तिथे गेलो की आता मला खराट्याआधी ते गाडगे आठवते.

सप्ताह संपल्यावर मुलांचे येणे थांबले नाही. शाळेमागे त्यांची परसबाग आहे. शाळाशाळांतून पोषणासाठी परसबागा कराव्यात, असे केंद्र सरकारने 2019 साली ठरवून दिले, त्यातून ती सुरू झाली. आमच्या खाऱ्या पाण्यावर भाजी येत नाही. म्हणून मुले धरणावरून नळाने येणाऱ्या पाण्यात पोषण आहाराच्या ताटल्या धुतात आणि ते पाणी पाटाने वाफ्याला देतात. खड्ड्यातले सप्ताहाचे खत पावसाळ्यात तिथेच घातले. मुले माझ्याकडे वही घेऊन आली. म्हणाली, "महाराज, तुमच्या लहानपणी ताटात काय राहे?"

मी सांगत गेलो. ज्वारीत उडीद घालून केलेली कळण्याची भाकर. मुगाचे वरण. अंबाडीची भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या. जवसाची चटणी. पावसाळ्यात तरोटा, घोळ, तांदुळजा, केना, म्हणजे पैसा न देता धुऱ्यावर मिळणारे सारे. वहीचे पान भरले. मग एका मुलाने विचारले, "यातलं आता आपल्या गावात काय पिकते?" मी मोजू लागलो आणि अडखळलो. सोयाबीन, पऱ्हाटी, तूर, हरभरा. ज्वारी दोघा-तिघांच्या वावरात. मूग-उडीद थोडाफार. जवस कोणाकडेच नाही. पूर्वी पऱ्हाटीत तुरीची ओळ असे, ज्वारीत मूग असे, धुऱ्यावर अंबाडी असे. एक गेले तर दुसरे हाती लागे. आता एकच पीक, आणि ते सारे बाजाराचे. सोयाबीनचे भाव पडले की घर पडते. भाकरीची ज्वारी मात्र आम्ही दुकानातून पोत्याने आणतो.

तेव्हा मला मंडपातले घमेले पुन्हा दिसले. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्याने पेरले, डवरले, पाखरे हाकली, खळ्यात उपणले, त्याच्या हातून दाणा सांडला तर तो वाकून उचलतो. ज्याला ते पोत्यात शिवून मिळते, त्याचा हात वाकत नाही. आम्ही पुढच्या पिढीला अन्नाचा मान राखा म्हणतो, आणि अन्न पिकवण्याची ओळखच तिच्या हातून काढून घेतली आहे. या मुलांनी ती परत मिळवायला घेतली. घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांनी बी मागितले. कोणी राखेत ठेवलेले वाल दिले, कोणी आढ्याला टांगलेला वाळका दुधी दिला, कोणी मूठभर अंबाडी. जवसाचे बी गुरुजींनी बाहेरगावाहून आणले. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला ते मुलांना घेऊन गेले, तेव्हा मुलांनी एकाच जागी कितीतरी वाण उभे पाहिले, आणि परत येऊन महिनाभर तेच बोलत होती. वर मेळघाटात कोरकू बांधव कुटकी, कोदो, सावा पेरत आले, ते धान्य मागासलेले समजून आम्ही हसत होतो. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आम्हाला त्याची किंमत कळली.

गुरुजींनी एकदा मला जगाचा आकडा वाचून दाखवला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले. खाणाऱ्यांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातही निम्म्याहून अधिक हॉटेलांतून नाही, घराघरांतून. एवढा मोठा आकडा माझ्या डोक्यात मावत नाही. मला पाच घमेली समजतात, आणि त्यांतली एक पायली तूर समजते.

यंदाच्या सप्ताहाचेही सांगतो, नाहीतर लेख खोटा होईल. सहा दिवस मुलांनी उत्तम वाढले. काल्याच्या दिवशी एका सज्जनांनी आपल्या खर्चाने जिलेबी दिली आणि आग्रह धरला की पान भरून वाढा, माझ्या दानाला हात आखडू नका. मुलांना कोणी विचारले नाही. भिंतीवर पुन्हा तीन घमेली लागली. ती मुलगी आता दहावीत गेली आहे. मला वाटले, ती रुसेल. तिने खडू घेतला, तीनचा आकडा लिहिला, आणि घमेले उचलायला लागली. मी दुसऱ्या बाजूने धरले. गुडघे दुखतात, पण खड्डा दूर नव्हता.

वाचक माउली, आता वारीचे दिवस येतील. आमच्या कौंडण्यपुराहून, आई रुक्मिणीच्या माहेराहून, पालखी निघेल, शेगावहून निघेल, वाटेत गावोगावचे लोक पोटाला चिमटा घेऊन आपल्याला वाढतील. त्या भाकरीत कोणाचा सरवा आहे हे आपल्याला कळणार नाही. म्हणून विनंती एवढीच, की थोडे घ्यावे, लागेल तर पुन्हा मागावे, मागण्यात आपल्याला लाज नाही, आपण माधुकरीची माणसे आहोत. आणि गजर होऊन उठण्याआधी एकदा आपल्या पत्रावळीकडे पाहावे. मी चौवेचाळीस वर्षे पाहिले नाही. आता दोन्ही वेळ पाहतो.

रामकृष्ण हरी.